सहा नंबरची माती

"खेळतुयास न्हवं रं?"

"म्हंजे काय, बा! रोज मैदानात असतु की."

"दिसभर?"

"सगळ्यांच्या आदी येतु आन् सगळी गेल्यावर जातु. इचार कुनालाबी."

"मंग झालं तर. शनिवारी येतु बगायला."

वेल्डनच्या एका हातात फोन होता, दुसऱ्या हातात पाण्याची नळी. नळीचं तोंड जिथं होतं तिथंच राहिलं आणि तिसऱ्या बेसजवळ डुक्कर लोळंल एवढं डबकं झालं.

"शनिवारी? आरं बा, गायी व्यायला लागल्यात न्हवं?"

"साठ व्याल्या. ऱ्हायल्यात अकरा. तुजी आई म्हनली, तुमी जावा, तुमी गोठ्यात आला की गायी बिचकत्यात. खरं हाय तिचं. तिच्या हाताला निवांत व्यात्यात."

"दोन म्याची हायत, एकामागनं एक. लई वाढूळ चालतंय. वारंबी लई असतंय हितं."

"आन् हितं काय पंखा लावलाय व्हय? तीन वरसं झाली, येक डाव बगितला न्हाई पोराचा. येतु." मिलो सोबोत्कानं फोन ठेवला. निरोपाचे चार शब्द बोलायची पद्धत त्या घरात नव्हती.

वेल्डन एक शब्दही खोटा बोलला नव्हता. मैदानात तो रोज होता, सगळ्यांच्या आधी होता, सगळ्यांच्या नंतरही होता. फक्त खेळायला नव्हता. चार आठवडे झाले, तो मैदानाला पाणी मारायचा, दाताळं फिरवायचा, आणि लहान गाडीला लोखंडी जाळी बांधून सगळी माती सारखी करायचा. सामना सुरू झाला की बाकड्यावर बसून सूर्यफुलाच्या बिया फोडायचा. बेसबॉलच्या मैदानात त्याची जागा सहा नंबरची, शॉर्टस्टॉपची, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली. सरपटी फटका निघाला की चारांतले दोन तिकडंच येणार. तो अडवायचा, उचलायचा आणि लांब पहिल्या बेसवर फेकायचा, तेही पळणारा गडी पोचायच्या आधी. त्या जागेवर आता मार्सेलो किंतानिया उभा राहायचा, पहिल्या वर्षाचा.

आणि बाप येणार होता शनिवारी. येईल, कुंपणाला टेकून उभा राहील, सहा नंबरच्या जागेकडं बघील, आणि तिथं दुसऱ्याचंच पोरगं असेल.

आता हे असं का झालं ते सांगायचं तर सोबोत्कांच्या आवारात जावं लागतं.

नेब्रास्कात वसंत म्हणजे दोनच गोष्टी, बेसबॉल आणि गायींची वेतं. दोन्ही एकदमच येतात आणि कुणालाही दुसरीसाठी वेळ मिळत नाही. मिलोनं त्यावर तोड काढली होती. एक गाय व्याली, दुसरी अजून फेऱ्या घालतेय, एवढ्या मधल्या वेळात तो फावड्याचा दांडा उचलायचा आणि आवाराच्या फाटकाजवळ उभा राहून पोराकडं चेंडू हाणायचा. पोरगं गोठ्याच्या भिंतीपुढं उभं, म्हणजे सुटलेला चेंडू हरवायला नको. हिशोब बरोबर होता. जमीन तेवढी बरोबर नव्हती. मार्चात त्या आवारात शंभर जनावरांचे खूर चिखलात उमटायचे आणि रात्रीच्या थंडीत गोठून त्यांचा दगड व्हायचा. त्यावरनं चेंडू असा उसळायचा की जणू कुणी खालून लाथ घातली.

वेल्डन नऊ वर्षांचा असताना असाच एक चेंडू खाली येतोय येतोय म्हणत वर आला आणि समोरचे दोन दात घेऊन गेला. मिलोनं गुडघ्यावर बसून दात शोधले. एक सापडला. दुसरा अजून त्या आवारातच आहे.

त्या दिवशी बापानं पोराला एकच धडा दिला. "वाकू नगंस. थांब. उटू दे त्येला. उटला की धर."

वेल्डननं तो धडा असा घोटला की झोपेतही त्याचा ग्लोव्ह हनुवटीपाशी असायचा. गावच्या शाळेचं मैदान म्हणजे आवाराचा सख्खा भाऊ, नुसतं खड्ड्यांचं. तिथं बाकीची पोरं नाक धरून बसायची आणि वेल्डन शांतपणे थांबून, चेंडू उठला की हवेतच फळ तोडल्यासारखा काढून घ्यायचा. कॉलेजवाल्यांनी त्याला त्यावरच घेतला. कॉलेजचं मैदान जुनं, टणक, खड्यांचं. दोन वर्षं पोरानं तिथं भिंत उभी केल्यासारखा खेळ केला. परगावी गेलं की मात्र दोन-तीन चेंडू हमखास पायांतून जायचे. पण परगावी जायचं म्हणजे बसमध्ये सहा तास अंग आंबायचं, तेव्हा दोष बसच्या डोक्यावर बसायचा. बस काही उलटून बोलत नाही.

यंदा हिवाळ्यात एका माजी विद्यार्थ्यानं कॉलेजला नवी माती दिली. ट्रकवर ट्रक आले. लाल, मऊ, चाळलेली, बोट घातलं तर दुसऱ्या पेरापर्यंत जाईल अशी. जुने खडे उकरून काढले आणि ही पसरली. सगळा संघ खूष. आता चेंडू उडणार नाही, नाकं शाबूत राहतील.

आणि पहिल्या तीन सामन्यांत वेल्डनच्या पाच चुका झाल्या.

पहिला चेंडू आला, पोरगं थांबलं, ग्लोव्ह हनुवटीपाशी. चेंडू उठलाच नाही. हातावर तुरी देऊन दोन पायांमधनं निघून गेला. दुसरा तसाच. तिसरा डाव्या बुटाला लागून कुंपणापर्यंत. त्या मैदानावरच्या फळ्यावर धावांच्या आणि फटक्यांच्या शेजारी 'चुका' असा रकाना असतो, आणि प्रत्येक आकडा बदलताना पत्रा खाडकन वाजतो. शेवटी शेवटी तो पत्रा वाजायच्या आधीच लोक मान तिकडं वळवायला लागले.

कोच गस हाबरमन ओमाहाचा, म्हणजे शहरातला. त्यानं वेल्डनला खोलीत बोलावलं, दार लावलं आणि स्वतःच्या कपाळावर बोट ठेवलं.

"वेल्डन, तुझे हात उत्तम आहेत. बिघाड इथं आहे."

"तितं काय बी न्हाई, कोच."

"तेच तर म्हणतोय मी."

मग सगळ्यांनी उपाय सुरू केले. डोळे तपासले, डोळे ससाण्याचे निघाले. एक बाई आल्या, त्यांनी नाकानं श्वास घ्यायला आणि तोंडानं सोडायला शिकवलं. वेल्डनचा श्वास सुधारला, चेंडू पायांतनंच जात राहिला. कुणी म्हणालं मोजे उलटे घाल. मार्सेलोच्या आईनं तर, पोराला जागा मिळाली म्हणून वाईट वाटून, वेल्डनसाठी मक्याच्या पानात बांधलेले तमाले पाठवले. ते मात्र लागू पडले. म्हणजे पोटाला.

शेवटी कोचनं त्याला बाकड्यावर बसवलं आणि रिकामा राहू नये म्हणून मैदान हातात दिलं. आणि इथं बघा, घोडं नेमकं पेंड खातंय कुठं ते. वेल्डन शेतकऱ्याचं पोर. माती हातात दिली की ती त्याच्यानं वाईट करवतच नाही. तो पहाटे पाणी मारायचा, ऊन बघून जाळी फिरवायचा, कडा हातानं सारख्या करायचा. चार आठवड्यांत मैदान असं झालं की वरून अंडं गडगडत सोडलं तर न फुटता पहिल्या बेसला पोचावं. चेंडू आता उठायचं नावच घेईना. ज्या कोपऱ्यात आपली कबर आहे तो कोपरा पोरगं रोज जास्त मन लावून सारवत होतं.

"तुजा बा येनार म्हनं," शुक्रवारी सरावानंतर मार्सेलो म्हणाला. तो बाकड्यावर आडवा पडून बिया हवेत उडवून तोंडात झेलत होता. दहांतल्या नऊ झेलायचा. अशा पोराचा राग तरी कसा करायचा.

"कुनी सांगितलं?"

"तू सक्काळधरनं तीनदा देवाचं नाव घेतलंस. सांगितलं न्हाईस व्हय त्यास्नी?"

"मैदानात असतु म्हनलो."

मार्सेलो उठून बसला. त्याला हसू येत होतं आणि तो ते दाबत होता, ते जास्तच दिसत होतं. "आसं करूया लेका. उद्या पयल्या म्याचला माजं पोट दुकंल. जोरात. तू जा हुबा."

"नगं."

"का?"

"बा मानसाकडं न्हाई बगत, पोटाकडं बगतंय. गाय खोटं कन्हती का खरं, ते फाटकातनं वळखतंय. तुजं काय झाकनार हाय त्येच्याम्होरं?"

"मंग तू सांग की खरं."

वेल्डननं खरंच फोन लावला. आईनं उचलला. लुसील सोबोत्का गावची शाळेची बस चालवायची, त्यामुळं फोनवरही ती मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असंच बोलायची.

"बा हाय का?"

"हाय. बुटं पुसतुया."

"बुटं?"

"चर्चची. खसखशीचं कोलाच मागितलंय करून, डबाभर. म्हनला, पोराच्या गड्यास्नी द्यायचं. लगीन लागल्यापासनं मी त्येला बुटं पुसताना बगितलं न्हवतं, वेल्डन. काय सांगायचंय?"

"काय न्हाई," वेल्डन म्हणाला. "जास्तीचं कर जरा. पोरं खादाड हायत."

शनिवारी साडेअकराला मिलो सोबोत्का आला. पहाटे चारला निघाला होता. टोपी नवी, बूट चकचकीत, विजारीच्या डाव्या पायावर मात्र शेणाचा वाळलेला पट्टा. निघता निघता एक गाय बघून आला असणार. पोराशी हात मिळवला, त्याला खांद्याला धरून हलवून बघितलं, बैल विकत घेताना बघतात तसा, आणि कोलाचचा, खसखस भरलेल्या गोड पावांचा, डबा मांडीवर घेऊन फळ्यांच्या बाकांवर पहिल्या रांगेत बसला. शेजारची बाई म्हणाली, कोणाचे? तो म्हणाला, सहा नंबर.

पहिला सामना सुरू झाला. सहा नंबरच्या जागेवर मार्सेलो गेला. वेल्डन बाकड्याच्या टोकाला, टोपी डोळ्यांवर ओढून. त्याला बाप दिसत नव्हता, पण पाठीला कळत होतं. पहिला डाव झाला. दुसरा झाला. मिलो डब्यावर हात ठेवून बघत होता. चौथ्या डावात त्यानं चिलीच्या तिखट रश्शाची वाटी आणि दालचिनीचा गोड रोल आणला, निवांत बुडवून बुडवून खाल्ला. सात डाव झाले, संघ जिंकला, पोरं ओरडली. शेजारची बाई मिलोला म्हणाली, "छान खेळतो हो तुमचा मुलगा. पण तुमच्यासारखा दिसत नाही."

"आयवर गेलाय," मिलो म्हणाला.

दोन सामन्यांच्या मध्ये अर्धा तास असतो. पंच खायला जातात, गडी सावलीला जातात, आणि वेल्डन जाळी ओढायला जातो. तो गाडीवर बसणार एवढ्यात कुंपणाशी आवाज आला.

"मैदानात असतु म्हनलास."

वेल्डननं मान खाली घातली. "हाय की मैदानात."

मिलोनं जाळीकडं बघितलं. मग त्याच्या मिशीची एक बाजू हलली. "सगळ्यांच्या आदी येतु, सगळी गेल्यावर जातु. वकील हो तू. किती दिस झालं?"

"चार आटवडं."

"कशापायी?"

"सुटत्यात. पायांतनं. कोच म्हनतोय डोस्क्यात हाय."

"डोस्क्यात?" मिलोनं डबा कुंपणाच्या खांबावर ठेवला, एक चकचकीत बूट वर टाकला आणि बावन्नाव्या वर्षी कुंपणावरून उडी घेतली. तिथं उभं राहून त्यानं इकडंतिकडं बघितलं नाही, खाली बघितलं. उकिडवा बसला. मूठभर माती उचलली, दाबली, उघडली. मातीचा लाडू तसाच राहिला, वर चार बोटांच्या खुणा.

"ही कवाची?"

"हिवाळ्यात आनली. नवी हाय. वाळू बासष्ट टक्के, चिकनमाती..."

"तू हितं काय शिकतुयास म्हनलास? कॉलेजात?"

"माती."

"तीन वरीस."

"व्हय."

"तीन वरीस माती शिकतुयास," मिलो सावकाश म्हणाला, "तिचं टक्कं तोंडपाट हायत, तिला रोज पानी पाजतुयास, आन् पायाखाली काय हाय ते तुला ठावं न्हाई. हो मागं. तुज्या जागंवर हुबा ऱ्हा."

वेल्डन सहा नंबरच्या जागेवर जाऊन उभा राहिला. मिलोनं खिशातनं एक जुना चेंडू काढला. चर्चचे बूट घातले तरी माणूस खिसा थोडाच बदलतो. हातानंच त्यानं तो गडगडत सोडला, साधा, कुत्र्यालाही धरता येईल असा.

वेल्डन थांबला. गुडघे ताठ. ग्लोव्ह हनुवटीपाशी, समोरच्या दोन खोट्या दातांपुढं. चेंडू आला, खालून गेला, आणि मागं जाऊन गवतात शांत पडला.

मिलो आधी बघत राहिला. मग तो तिथंच, चकचकीत बुटांसकट, लाल मातीत बसला आणि हसायला लागला. हसता हसता टोपी पडली.

"हसतुयास काय बा!"

"आरं हे माजं पाप हाय! तू अजून आपल्या आवारात हुबा हाईस. थांब, उटू दे म्हनलो मी, आन् तू बारा वरीस थांबलास! लोकांचं अंगन वाकडं म्हनून नाच बिगडतुया, तुजं सरळ झालं आन् बिगडला. ह्यो बॉल कशाला उटतुया? पिटात गडगडतुया त्यो!"

 वेल्डननं पायाखाली बघितलं. मग त्यानं स्वतः रोज जाळी फिरवून केलेल्या त्या गुळगुळीत लाल पसाऱ्याकडं बघितलं, आणि त्याचे कान आधी लाल झाले, मग सगळं तोंड. परगावच्या सामन्यांची ती बिचारी बसही आठवली असेल.

"मंग आता? बारा वरसांची सवय अर्ध्या तासात मोडती व्हय?"

"मोडायची कशाला? तुला दुसरीबी हाय की." मिलो उठला, बूड झाडलं. "वासराच्या कानाला बिल्ला मारायचा आसंल तर काय करतुयास? आत्ताच जलमलंय, वलं हाय, अजून हुबं न्हाई. थांबतुयास त्येनं उटायची?"

"उटलं तर गावतंय व्हय ते!"

"मंग?"

"वाकून पळत जायाचं. उटायच्या आत मागला पाय धरायचा."

"ह्ये वासरू हाय," मिलो चेंडू दाखवून म्हणाला. "उटायच्या आत धर."

दुसऱ्या वेळी वेल्डन पुढं आला, वाकला, चेंडू ग्लोव्हच्या टोकाला लागून सुटला. तिसऱ्याला ग्लोव्हची पाठ मातीला लागली. चौथा आत. पाचवा आत. सहाव्याला तो इतका खाली गेला की नाकाला लाल टिळा लागला. बाकड्यावर मार्सेलोनं बिया फोडायचं थांबवलं होतं.

"ओ गृहस्थ!" कोच हाबरमन घास तोंडात घेऊनच धावत आला. "बाहेरच्या माणसांना मैदानात परवानगी नाही!"

"बाहेरचा न्हाई. बाप हाय."

"कोणाचे असलात तरी... " आणि कोचचं वाक्य तिथंच राहिलं, कारण वेल्डननं सातवा चेंडू पळत जाऊन असा उचलला की माती उडाली नाही. कोचनं घास गिळला. "हे कधीपासून?"

"आत्ताच," मिलो म्हणाला. "त्येच्या डोस्क्यात काय बी न्हवतं. मीच बगितलंय, डोस्कं रिकामं हाय."

"मी हेच म्हणत होतो," कोच म्हणाला. "जाळी फिरवा आधी. पंच आले."

एवढ्यावर काही कोच जागा देणारा नव्हता. दुसरा सामना सुरू झाला तो मार्सेलोलाच सहा नंबरला ठेवून. मिलोनं डबा परत मांडीवर घेतला. पाचव्या डावापर्यंत संघ सात धावांनी मागं पडला होता, वारा समोरून येत होता, आणि बाकांवर निम्मेच लोक उरले होते. तेवढ्यात तिसऱ्या बेसचा गडी फलंदाजी करताना मनगटावर चेंडू खाऊन आला. हात सुजला. कोचनं वहीत बघितलं, आभाळाकडं बघितलं, मग मार्सेलोला तिसऱ्या बेसवर पाठवलं आणि न वळताच म्हणाला, "सोबोत्का. सहा."

वेल्डन पळत गेला. जाताना पांढऱ्या रेघेवर पाय पडू दिला नाही; तो अपशकुन, तेवढं तिथं सगळेच पाळतात.

पहिलाच फटका त्याच्याकडं आला. चेंडू उठायच्या आत पोरगं पोचलं. वाकलं, धरला, झकास धरला! आणि धरला याचाच त्याला इतका आनंद झाला की फेकताना हातात बारा वर्षांचं बळ आलं. चेंडू पहिल्या बेसवरच्या गड्याच्या डोक्यावरून गेला, कुंपणावरून गेला, आणि पहिल्या रांगेत मिलो सोबोत्काच्या मांडीवरच्या डब्यात जाऊन बसला. खसखस उडाली.

फळ्यावरचा पत्रा खाडकन वाजला. चुका, एक. सहा नंबर.

"बॉलबी बाला भेटायला पाटवलास व्हय रं?" तिसऱ्या बेसवरनं मार्सेलो ओरडला. "राम राम तरी घालाय लावायचा!"

मिलोनं डब्यात बघितलं. दोन कोलाच चेपले होते. त्यातला एक त्यानं खाल्ला, चेंडू विजारीला पुसला आणि उभा राहून मैदानात परत फेकला, थेट पहिल्या बेसवर, छातीच्या उंचीला. बाकड्यावरची सगळी पोरं ओ करून ओरडली. मिलो खाली बसला आणि शेजारच्या बाईला म्हणाला, "ह्यो तेवढा माज्यावर गेलाय. जोर हाय, नेम मागनं येतुया."

मग आणखी चार फटके तिकडं आले. दुसरा त्यानं धरला आणि फेकताना जीभ दातांत धरून फेकला, बाद. तिसऱ्याला पुढं जायला अर्धं पाऊल उशीर झाला आणि चेंडू अंगावर घेऊन थांबवला. बाद नाही, पण सुटलाही नाही. चौथा सोपा होता. सोप्यांचीच त्याला भीती होती, म्हणून तो सगळ्यात जास्त वाकून धरला.

शेवटच्या डावात समोरच्यांचा एक बाद, पहिल्या बेसवर एक गडी, आणि समोरचा दांडगा फलंदाज. फटका असा आला की मधल्या गवतातनं नुसता आवाज दिसावा. वेल्डनचा डावा पाय, तो जुना आवारातला पाय, थांब म्हणाला. हातही हनुवटीकडं निघाला होता. एवढ्यात बाकांवरनं, वाऱ्याच्या विरुद्ध, गुरं हाकायच्या आवाजात कुणीतरी ओरडलं:

"पाय धर त्येचा!"

वेल्डन आडवा गेला. ग्लोव्ह मातीत, चेंडू ग्लोव्हात, छातीही मातीत. तिथंच गुडघ्यावर बसून त्यानं चेंडू दुसऱ्या बेसवर सरकवला, तिथला गडी वळला, पहिल्यावर फेकला. दोघंही बाद. त्यांचा डाव आटोपला, मग यांचेही तिघं पटापट बाद झाले आणि सामना संपला. सात धावांनी हरले.

हरलेल्या संघाचं एवढं ओरडणं त्या मैदानानं कधी ऐकलं नव्हतं. मार्सेलोनं वेल्डनची टोपी काढून त्यात बिया ओतल्या. जिंकलेले गोंधळून बघत राहिले, आपण काही मोजायला चुकलो की काय.

कोलाच वाटले गेले. चेपलेलं राहिलेलं एक कोचच्या वाट्याला आलं. तो मिलोसमोर उभा राहून ते खात होता.

"ते तुम्ही ओरडलात... पाय धर. म्हणजे काय?"

"आमच्या हिकडची म्हन हाय," मिलो म्हणाला. "लई जुनी."

"मी वापरली तर चालेल?"

"वापरा की. पर वासरं वाढवाय लागतील आदी."

तेवढ्यात फोन वाजला. लुसील. आवाज फोनबाहेर सगळ्यांनाच आला. दोन व्याल्या, तिसरी उभी राहीना, आणि तुम्ही तिथं बूट दाखवत बसू नका. मिलोनं फोन खिशात टाकला. बूट एव्हाना लालच झाले होते. त्यानं पोराकडं बघितलं, त्याच्या छातीवरच्या मातीकडं, नाकाकडं.

"उन्हाळ्यात ये घरी," तो म्हणाला. "आवारात ही जाळी फिरव येकदा. गायीबी खूष हुतील."

"नगं, बा. मंग गावच्या म्याचला कसं खेळू?"

मिलोनं त्यावर मान हलवली, खरं आहे म्हणाला, आणि गेला. गाडी वळताना हात बाहेर काढला नाही. वारा होता.

कोच फळ्याखाली उभा राहून वहीत काहीतरी खोडत होता.

"सोबोत्का. मंगळवारी सहा नंबर तू. मार्सेलो तिसरा. दोन चुका झाल्या की परत बाकडं."

"व्हय, कोच."

"आणि हे बघ." कोचनं पेन्सिलीनं मैदान दाखवलं, छाती घासल्याचे, गुडघ्यांचे, बुटांचे ओरखडे सगळीकडं. "जाळी तुझ्याकडंच राहील. मी तीन जणांना करून बघितलंय. असं मैदान कुणाच्यानं होत नाही."

"आवो पर खेळनार आसंल तर..."

"दोन्ही कर. शेतकरी ना तू?"

वेल्डननं बिया झटकून टोपी घातली. गाडीला जाळी अडकवली, साखळी ओढून बघितली. तिसऱ्या बेसकडं गेला. तिथं बापाशी फोनवर बोलताना झालेलं बुधवारचं डबकं अजून नीट वाळलं नव्हतं. पायानं चाचपून त्यावर दोन पाट्या कोरडी माती टाकली. मग नळी सोडली, आणि सहा नंबरच्या जागेपासून पाणी मारायला सुरुवात केली.